टोचलेले पत्ते

मैत्रीचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या कँटीनमध्ये सूप पीत बसले होते. मैत्री म्हणजे अशोकदादांची मुलगी, ड्रेस्डेनला असते. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलते जर्मन. "पापा इस्ट टोट," पापा गेले, एवढंच म्हणाली... आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिली आली ती शंका. म्हटलं, दादा थाप मारतायत. मुलीला हाताशी धरून काहीतरी डाव टाकलाय यांनी. ज्या माणसासमोर मी इतकी वर्षं दर रविवारी पोकर खेळायला बसले, त्याची कुठलीही गोष्ट मी उलटून पालटून बघितल्याशिवाय कधी घेतली नव्हती. दादा सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसले, रेखावहिनी कप उचलायला आल्या तर सगळं संपलेलं. हृदय बंद पडलं. ना आजारपण, ना दवाखाना. "असं कसं होईल?" मी त्या पोरीलाच दरडावलं. ती बिचारी काय सांगणार! मग ती रडायला लागली तेव्हा मला पटलं.

अशोकदादा नागपूरचे, इंदोरा वस्तीतले. मी कामठीची. जर्मनीत, र्युसेल्सहाइमला मी नोकरीला आले तेव्हा इथे मला ओळखणारं काळं कुत्रं नव्हतं. स्टेशनवर मला घ्यायला आले ते दादा, कोण कुठली पोरगी, नुसतं ओळखीच्या ओळखीतून कळलं म्हणून. "जयभीम. सामान एवढंच? बाकीचं विमानात विसरली का काय?" हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी रातहाउसला, म्हणजे नगरपालिकेत नेऊन माझी आनमेल्डुंग, राहत्या पत्त्याची नोंदणी, करून दिली, तिसऱ्या दिवशी घरी जेवायला बोलावलं. गाड्यांच्या कारखान्यात ते रंगाच्या विभागात इंजिनिअर होते, शेवटची तपासणी त्यांच्याकडे. रंगून आलेल्या दारावर दिव्याच्या उजेडात ते नजर फिरवत आणि इतरांना दिसला नसता असा कण बोटाने दाखवत. त्या डोळ्यांचा त्यांना केवढा अभिमान! जर्मन लोकही म्हणायचे, हेर अशोकच्या, म्हणजे अशोकसाहेबांच्या, हातून गाडी गेली की ग्राहकाला भिंग आणावं लागेल. मीही तपासणीतलीच, ब्रेकच्या. त्यामुळे आमचं जमलं. दोघांचाही धंदा एकच, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी वंदना व्हायची, मग जेवण, मग पत्ते. वहिनींना पत्त्यांचा भारी तिटकारा. "आमच्या वस्तीत या पत्त्यांनी बायकांचे संसार कसे खाल्ले ते मी पाहिलंय," म्हणायच्या. तेव्हा घरात अट एकच, पैशाला हात लावायचा नाही. म्हणून आम्ही चिंचोके लावायचो. वहिनीच नागपूरहून चिंच आणत आणि चिंचोके धुऊन, वाळवून बरणीत भरून ठेवत. तिटकारा तो तिटकारा, पण चिंचोके मात्र त्यांचेच! खेळायला मी, दादा आणि नितीन. नितीन पुण्याचा, बॉनला टेलिफोनच्या मोठ्या कंपनीत आहे. रविवारी र्‍हाइनच्या काठाने गाडीत बसून यायचा आणि हरून परत जायचा. हरला की दर वेळी जर्मन लोकांच्या 'तर मग'ने सुरुवात करून म्हणायचा, "आल्झो, काहीतरी गडबड आहे."

खेळ सुरू व्हायच्या आधी दादांचा एक रिवाज होता. ते आधीच लावून ठेवलेली काही पानं आमच्यासमोर मांडायचे. "हा इतिहासातला डाव आहे. तू काय केलं असतं, सांग." पोकरच्या इतिहासात गाजलेला एखादा प्रसंग, तीच पानं, तीच वेळ. आम्ही आपापली अक्कल पाजळायची आणि मग ते खरं काय झालं ते सांगायचे. अमेरिकेतला तो बंदूकबाज, नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचा. एक दिवस ती खुर्ची मिळाली नाही आणि दाराकडे पाठ करून बसला, तर मागून येऊन कुणीतरी गोळी घातली. हातात म्हणे काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या होत्या. नितीनने लगेच विचारलं, "पानं कुणी बघितली? गोळी सुटल्यावर पानं कोण बघतं?" दादा खूश. "शाब्बास! अशीच शंका घेत जा." मग तो दुसरा, सगळं हरलो म्हणून उठला आणि रुमालाखाली डावात लावायची एक चकती राहिलेली दिसली. तेवढ्या एका चकतीवर परत बसला आणि विश्वविजेता होऊनच उठला. मग तो साधा हिशेबनीस, घरी संगणकावर खेळता खेळता मोठ्या स्पर्धेत पोचला आणि हातात काहीही नसताना एका मुरलेल्या खेळाडूला थापेवर घालवलं. ती गोष्ट दादा मिटक्या मारत सांगत. आणि शेवटी ते यंत्र, ज्याने भल्याभल्या खेळाडूंना हरवलं. "यंत्र थाप मारायला शिकलं गं बाई," दादा म्हणाले होते, "आता माणसाला काम काय उरलं?" फ्लोमार्क्टमधून, जुन्या वस्तूंच्या बाजारातून, त्यांनी एक जुना लाकडी पाट आणला होता, कडेने वाट्या कोरलेला. तसल्या पाटावर इथले लोक शेकडो वर्षं पोख नावाचा खेळ खेळत आलेत. पोकर त्यातूनच निघाला असं दादांचं ठाम मत. नितीन म्हणायचा, "पुरावा?" आणि मग जेवण उतरेपर्यंत त्यावर भांडण.

एका रविवारचं भांडण मात्र माझ्या डोक्यात रुतून बसलंय. त्या दिवशीचा प्रसंग एका नामांकित पोकर खेळाडूचा होता. दुसऱ्याच कुठल्या पत्त्यांच्या खेळात त्याने पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीकसा फरक हेरला आणि पान उलटायच्या आधीच तो ओळखायला लागला. त्याचं म्हणणं, मी कुठे खुणा केल्या, मी फक्त डोळे उघडे ठेवले. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने त्याचं ऐकलं नाही. नितीन त्या खेळाडूच्या बाजूने. "हुशारी आहे ती, दादा. गेनाऊ, अगदी तेच तर तुम्ही रंग तपासताना करता." दादांचा आवाज एकदम चढला. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "पानाची पाठ ओळखली नं, की समोरचा माणूस उरत नाही. मग खेळतो कोणाशी? भिंतीशी?" वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या.

दादा निवृत्त झाले, आणि त्यानंतर हळूहळू त्यांच्यात काहीतरी बदललं. काय ते मला सांगता येत नव्हतं, पण माझ्या मनात पाल सारखी चुकचुकायची. एक तर ते तिरपे बघायला लागले. समोर बसून सरळ डोळ्याला डोळा द्यायचेच नाहीत. मान जरा वळवायची आणि कडेने बघायचं, चोर बघतो तसं. गाडी विकून टाकली. म्हणे, प्रदूषण होतं. आयुष्य गाड्या रंगवण्यात गेलं आणि आता प्रदूषण आठवलं होय! एकदा दुकानात, पावाच्या काउंटरपाशी, मी हात केला तर माझ्या अंगावरून निघून गेले. आदल्या रविवारी मी त्यांना सपाटून हरवलं होतं. म्हटलं, म्हातारा रुसला. मी हाक मारली तर "अगं, तू होय!" असं इतकं गोड बोलले की मला जास्तच संशय आला.

टेबलावरचे नियमही बदलले. त्यांनी स्वतः पत्ते वाटायचं सोडलं. पिसायचं आणि वाटायचं काम कायमचं माझ्याकडे आलं. "माझे हात थरथरतात," म्हणाले. हात तर मला दगडासारखे स्थिर दिसत होते. कापायची पाळी आली की पत्त्यांना हात न लावता टेबलावर बोटांनी टकटक करायचे आणि पुढे व्हा म्हणायचे. आणि एक नवीनच शिस्त काढली. टेबलाच्या मध्ये सगळ्यांसाठी जी पानं उघडतात, ती वाटणाऱ्याने मोठ्याने सांगायची. बदाम राणी! चौकट सत्ती! नितीन म्हणायचा, "दादा, आम्हाला डोळे आहेत." त्यावर दादा, "मोठ्या स्पर्धांत सांगतात. आपण काय लहान आहोत?" मी आपली प्रत्येक पान ओरडून सांगायची, लिलाव पुकारल्यासारखी. पत्तेही तेच ते जुने. हाताला खरखरीत लागायला लागले होते. मी एकदा म्हटलं, बदलू या, तर म्हणाले, "राहू दे नं बाप्पा. जुने पत्ते जुन्या चपलेसारखे असतात, पायाला ओळखतात."

शेवटची भेट ते गेले त्याच्या आधीच्या रविवारची. माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. मी चेहरा लाकडासारखा ठेवला आणि चिंचोक्यांचा ढीग पुढे सारला. नितीनने पानं टाकली. दादांनी मान वळवली, कडेने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू खोटं खेळतेस." ढीग ओढून घेतला आणि हसले. निघताना नितीन जिन्यात मला म्हणाला, "त्यांना तुझी पानं दिसतात. मी पैज लावतो." मी त्याला झापलं. पण जिना उतरताना माझ्याही मनात तेच होतं.

अंत्यविधी झाला. मैत्रीने बापाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. आम्ही त्रिशरण म्हटलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात ठरला आणि दादांवर बोलायचं माझ्यावर आलं, कारण दादांना माझ्याइतकं कुणी ओळखत नव्हतं म्हणे. निघताना वहिनींनी पत्त्यांचा जोड माझ्या हातात ठेवला. "तू ने. मला घरात नको." मी घरी आले आणि भाषणाला काही सुचतंय का बघावं म्हणून पत्ते हातात घेऊन बसले. इस्पिकचा एक्का होता. आकड्याच्या खाली अंगठा फिरला आणि टोचलं. बघते तर सुईने टोचलेलं बारीक भोक, मागून पुढे टोचलेलं, त्यामुळे पानाच्या तोंडावर टिंब वर आलेलं. दुसरं पान घेतलं, त्यालाही टिंबं, पण वेगळ्या जागी. तिसरं, चौथं... सगळा जोडच टोचलेला. कोपऱ्यातली टिंबं आकड्याची आणि कडेची बदाम की इस्पिक ते सांगणारी. आमचं आयुष्य तपासणीत गेलं, मला काय कळायला वेळ लागतो!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिंचोक्यांसाठी? अहो, चिंचोक्यांसाठी माणूस खुणा करतो? आणि त्या खेळाडूवर केवढे तापले होते, भिंतीशी खेळतो का म्हणून! म्हणजे इतक्या रविवारी आम्ही कोणाशी खेळलो? तिरपी नजर, हसणं, "तू खोटं खेळतेस"... सगळंच मला नासल्यासारखं वाटायला लागलं. त्यांनी मला स्टेशनवरून आणलं होतं, त्याचासुद्धा मला संशय यायला लागला. मी नितीनला फोन केला. तो तर आनंदलाच, मेला. "सांगत होतो ना! गेनाऊ!" मी म्हटलं, मी त्या कार्यक्रमात बोलणार नाही. ज्या माणसाने मला फसवलं त्याच्याबद्दल चार चांगले शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत. आणि बोलणार नाही हे वहिनींना सांगायला जायचं म्हणजे कारणही सांगायला हवं. विधवा बाईला तुमचा नवरा लबाड होता हे कसं सांगायचं, या विचाराने माझी झोप उडाली.

गेले एकदाची. वहिनी दादांचे शर्ट इस्त्री करत होत्या, जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकायला. "टाकायचेच आहेत तर इस्त्री कशाला?" मी विचारलं. "दुसऱ्या कोणाच्या अंगावर जाणार नं? चुरगळलेले कसे द्यायचे?" मी पत्ते टेबलावर ठेवले. काय काय ठरवून गेले होते, सगळं विसरले आणि नुसतं म्हटलं, "वहिनी, यांना भोकं आहेत."

त्यांनी इस्त्री उभी केली. "हो. मीच पाडली."

ज्या बाईने इतक्या वर्षांत पत्त्याला बोट लावलं नव्हतं, तिने!

"गोधडीच्या सुईने. हे सांगायचे कुठे टोचायचं ते, मी टोचायची. त्यांना दिसत नव्हतं, मग दुसरं कोण टोचणार?"

आणि मग उभ्या उभ्याच सांगत गेल्या. डोळ्यांच्या मधलं दिसायचं बंद झालं होतं. कडेचं दिसे, म्हणून चालता-फिरता यायचं, पण समोर सरळ बघितलं की मध्ये करडा डाग. अक्षर गेलं, पत्त्यावरचा आकडा गेला, माणसाचं तोंड गेलं. आउगेनआर्ट्सने, डोळ्यांच्या डॉक्टरने, हात टेकले होते. "तुझ्याकडे सरळ बघितलं की तुझ्या तोंडाच्या जागी काहीच नसायचं त्यांना. म्हणून मान वळवून कडेने बघायचे, जेवढं दिसेल तेवढं." त्या डोळ्यांनी ज्याने धुळीचा कण पकडला होता त्या माणसाला पावाच्या काउंटरपाशी माझं तोंड दिसलं नव्हतं...

"पण सांगितलं का नाही आम्हाला? आम्ही काय परके होतो?" माझा आवाज चढला. मला राग आला होता आणि अजूनही आहे.

"मी पण हेच म्हटलं. म्हणाले, सांगितलं की ही दोघं माझ्याशी मुद्दाम हरतील. रेखा, आता फक्त ती दोघंच माझ्यावर संशय घेतात. बाकी सगळे हात धरून रस्ता ओलांडून द्यायला टपलेत. तेवढा संशय राहू दे मला."

यावर मी रडायलाच लागले. तरी माझा स्वभाव कुठे जातो! रडता रडता माझ्या डोक्यात तपासणी चालूच. स्वतःची पानं बोटाने वाचली, ठीक. पण वाटताना, पिसताना दुसऱ्यांची पानंही बोटाला कळणार की. ते विचारायला तोंड उघडलं आणि तिथेच लक्षात आलं. ते वाटतच नव्हते. पिसत नव्हते, कापतही नव्हते. पत्ते टोचले तेव्हापासून स्वतःच्या हातातली पानं सोडून एकाही पानाला त्यांनी बोट लावलं नव्हतं. आणि मधली उघडी पानं? ती त्यांना दिसतच नव्हती. ती त्यांना मी सांगत होते. बदाम राणी, चौकट सत्ती, दर रविवारी, घसा फोडून. त्यांचे डोळे मी होते आणि मला वाटत होतं, म्हाताऱ्याला स्पर्धेची हौस आलीये.

"मग माझी थाप कशी पकडली?" मी विचारलं. "तोंड दिसत नव्हतं ना माझं?"

वहिनी पहिल्यांदा हसल्या. "हातात काही नसलं की तू पानं घाईघाईने सांगतेस म्हणे. लवकर आटपायचं असतं तुला. यांना तोंडापेक्षा तुझा आवाजच जास्त पाठ होता."

संध्याकाळी नितीनला फोन केला. तो लगेच थोडाच ऐकणार! "वहिनी असंच सांगणार ना गं. आल्झो, पुरावा काय?" मी म्हटलं, "पुरावा मी. पत्ते मी वाटत होते, तुझ्या डोळ्यांसमोर." मग बारीक आवाजात म्हणाला, "मग मी इतक्या वेळा कसा हरलो?" मी सांगितलं, "वाईट खेळतोस म्हणून." त्यावर तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. फोन मीच ठेवला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी बोलले. डोळ्यांबद्दल मात्र अक्षर काढलं नाही, ते सांगायला तेव्हा वहिनींची परवानगी नव्हती. आता त्यांनीच लिही म्हटलंय म्हणून हे लिहितेय. लिहिताना अजूनही मध्येच वाटतं की या माणसाने आणखी काय काय लपवलं असेल. दादा, तुम्ही सांगायला हवं होतं. आम्ही मुद्दाम हरलो नसतो हो. निदान नितीन तर नक्कीच नाही, त्याला मुद्दाम हरायची गरजच पडत नाही.

त्यानंतरच्या रविवारी वहिनींनी आम्हाला जेवायला बोलावलं. मैत्रीही आली होती. जेवणं झाली, वहिनींनी ताटं उचलली, हात पुसले आणि दादांच्या खुर्चीत येऊन बसल्या. "तो जोड आणलास का?" मी पिशवीतून काढला. "मला शिकव. वाट." मग मैत्रीने चिंचोक्यांची बरणी पुढे ओढली आणि मी पत्ते पिसले. सगळ्यांना दोन-दोन पानं वाटली आणि टेबलाच्या मध्ये पहिलं पान उघडून ठेवलं. सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. आता कुणाला सांगायचं? सगळ्यांना तर दिसत होतं.

वहिनी वाट बघत होत्या.

"किलवर दश्शी आहे," मी म्हटलं, "दिसतंय ना वहिनी?"

"दिसतंय गं," त्या म्हणाल्या. "पण तू सांगत जा."